एक्केचाळिसावं पान

१

“बाई, माझं एक्केचाळिसावं पान कुणीतरी नेलंय.”

हे सांगणारा मुलगा आठ वर्षांचा होता. पुढचे दोन दात पडलेले, पण सूर असा की जणू घरचा नळ चालू राहिल्याची खबर देतोय. परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला आणि वही हातात घेतली. चाळीस, आणि पान उलटलं की थेट बेचाळीस. मध्ये शिलाईलगत बोटभर रुंदीची कड उरलेली, बाकीचं पान पट्टी लावून ब्लेडने अलगद कापून काढलेलं.

“माझंही नाहीये,” खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली.

“माझंपण!”

मिनिटभरात एकोणीस आवाज उठले. ही पोरं म्हणजे पायऱ्या मोजल्याशिवाय जिना न चढणारी. एक पान कमी झालेलं त्यांच्या नजरेतून सुटेल, असं ज्याला वाटलं त्याने या वर्गात पाऊल तरी ठेवलं होतं की नाही, कोण जाणे.

शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या वर्गाला सगळे ‘वरचा वर्ग’ म्हणत. शहरभरातल्या तिसरीच्या मुलांतून निवडलेली वीस हुशार मुलं इथे वेगळी शिकत. घरी जाण्याआधी प्रत्येकाने आपल्या प्रश्नवहीत रोज एक प्रश्न लिहायचा. पानाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला सरांचं उत्तर, वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा. तारीख घालायची नाही, कारण प्रश्न शिळा होत नाही, असं सरांचं म्हणणं. मूल गैरहजर असेल तर त्याचं त्या दिवसाचं पान कोरं राही. म्हणजे सगळ्यांचं एक्केचाळिसावं पान एकाच दिवसाचं.

परीक्षकबाई आज आल्या होत्या त्या वर्गाच्या यादीवर सही करायला. अडीच महिन्यांपूर्वी वर्गाची परीक्षा झाली. कोडी त्यांनीच काढलेली, पेपर त्यांनीच तपासलेले. वीसपैकी एका मुलीला तीसपैकी तीन गुण पडले आणि तिला खालच्या साध्या वर्गात पाठवलं गेलं. आज तीन वाजता सही झाली की ते कायमचं. तिच्या रिकाम्या खुर्चीवर सोमवारी दुसरं मूल बसणार होतं.

“या पानावर काय लिहिलं होतं रे तुम्ही?” परीक्षकबाईंनी मुलांना विचारलं.

आणि जो वर्ग झोपेतसुद्धा गप्प बसत नसेल, तो एकदम गप्प झाला. एकोणीस जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

“ते सांगायचं नाही असं ठरलंय,” दात पडलेला मुलगा शेवटी पुटपुटला.

“कुणी ठरवलं?”

मुलगा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. वर्गाचे तरुण सर मात्र ताडकन उठले, कपाटाशी गेले आणि सगळ्यात खालच्या फळीवरून विसावी वही काढून आणली. खाली पाठवलेल्या मुलीची. त्यांनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“हिच्यातलंही एक्केचाळीस नाही,” ते म्हणाले.

२

मुलांना खेळायला पाठवून परीक्षकबाईंनी सरांना समोर बसवलं. बसायला मुलांच्याच खुर्च्या होत्या, त्यामुळे दोघांचेही गुडघे हनुवटीला टेकत होते.

“कपाटाची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडे. शाळा सुटली की ऑफिसातल्या फळ्यावर टांगतो. शिपाईमामा टांगायला लावतात, नाहीतर रागावतात.”

“पानं आधी गेली असती तर पोरांनी कालच ओरडा केला असता. म्हणजे काल संध्याकाळी तुम्हीही थांबू शकला असता.”

“हो.” सर खोटं बोलण्यात अगदीच कच्चे दिसत होते, त्यामुळे परीक्षकबाईंना उलट जास्तच संशय आला. तीस वर्षांत त्यांच्या तपासणीवर एकही तक्रार टिकली नव्हती, आणि हे वाक्य त्या स्वतःच अधूनमधून चारचौघांत म्हणत.

“सर, तुम्ही मला या मुलीबद्दल तीन पत्रं लिहिलीत. सही पुढे ढकला, तिला परत घ्या. आज वह्यांचा असा घोळ झाला, म्हणजे सही आपोआप पुढे जाते. सोय कुणाची झाली?”

सरांचे कान लाल झाले. “माझी,” ते म्हणाले. “पण मी कापलं नाही. बाई, मी त्या पोरीची वही टाकून देऊ शकलो नाही, पान कुठलं कापणार? बघा तरी ती काय लिहायची!”

त्यांनी विसावी वही पहिल्यापासून उघडली. पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात गोल गरगरीत शून्य होतं. खाली प्रश्न: ‘बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये तळमजल्याला ० असतं. पण तळमजल्यावर तर सगळ्यात जास्त माणसं असतात. मग ० म्हणजे काही नाही असं कसं?’

“या प्रश्नाला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले,” सर म्हणाले. “तेव्हापासून सगळे तिला लिफ्टवाली म्हणतात. आणि ही मुलगी तीन गुण मिळवते? तिला बरं नसेल त्या दिवशी. मी असतो तर कळलं असतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, पाच दिवस रजेवर होतो. परीक्षा नेमकी त्यातच आली. वर्ग मोठ्या बाईंनी सांभाळला, वह्याही त्यांनीच पाहिल्या.”

परीक्षकबाईंनी पानं उलटली. सगळीकडे सरांच्या बारीक अक्षरातली लांबलचक उत्तरं होती. कापलेल्या जागेच्या मागेपुढे मात्र प्रश्नांमागे उत्तर नव्हतं, नुसती हिरव्या शाईची बरोबरची खूण होती. म्हणजे नाहीसं झालेलं पान त्या पाच दिवसांतलंच.

“बाई, एक विचारू?” सर म्हणाले. “तिचा पेपर तपासताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“नाही,” परीक्षकबाई म्हणाल्या.

हे खरं नव्हतं. त्या पेपरवर त्यांचं पेन थबकलं होतं. उत्तरं चुकलेली होती, पण वेडीवाकडी नव्हती. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. मग चहा गार व्हायला लागला, गठ्ठ्यात अजून अकरा पेपर होते, आणि त्यांनी तिसऱ्या बरोबर उत्तराखाली रेघ मारून गुण लिहून टाकले. ते पेन थबकलेलं त्यांना आज अडीच महिन्यांनी आठवलं.

३

तिसरीच्या बाईंचा वर्ग तळमजल्यावर होता. त्यात बेचाळीस मुलं होती, आणि बाईंचा आवाज त्या बेचाळीस जणांवर चढवून चढवून घोगरा झाला होता.

“पानं कापली? बरं झालं!” त्या म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे, वाईट झालं. पण बाई, तुम्हीच सांगा. दरवर्षी माझ्या वर्गातली चार चुणचुणीत पोरं उचलून वर नेतात. वर रंगीत खुर्च्या, गालिचा, दुर्बीण. इथे बाकाचा खिळा निघाला तर मी चपलेने ठोकते.”

“तुम्ही मुलांना वह्या बांधायला शिकवता ना?”

“शिकवते. ब्लेडही माझ्याकडेच असतं, हे विचारायचंय ना? विचारा सरळ.” त्यांनी खण ओढून दाखवला. ब्लेडचं पाकीट होतं, दोऱ्याचं रीळ होतं, सुया होत्या. “स्टीलची पट्टी मात्र कालपासून सापडत नाहीये. कुणी नेली ते सांगितलंसुद्धा नाही. या शाळेत मागून नेलेली वस्तू परत येत नाही, हा नियमच आहे.”

परीक्षकबाईंनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. खिडकीशी एक बारकी मुलगी खाली मान घालून लिहीत होती. ही ती. त्यांनी तिला याआधी कधी पाहिलंच नव्हतं, पाहिला होता तो फक्त तिचा पेपर.

“कशी आहे?”

तिसरीच्या बाईंचा आवाज खाली आला. “गप्प. दिवसभर गप्प. पहिल्या दिवशी मी चिडवलं तिला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आली का आमची हुशार राणी, तीन गुणवाली. वर्ग हसला. ती नाही हसली, रडलीही नाही. मला रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून तिच्यावर ओरडत नाही मी. फक्त ते शून्य तेवढं खोडते.”

“कुठलं शून्य?”

“अहो, गणितं घातली की पहिल्या गणिताला शून्य नंबर देते. दुसऱ्याला एक. रोज लाल शाईने सुधारते, रोज पुन्हा तेच. हट्टी कार्टं!” पण हे म्हणताना त्यांनी त्या बाकाकडे पाहिलं ते मायेनेच.

मुलीने एकदाच डोकं वर केलं. परीक्षकबाईंशी नजर भिडली, आणि चोरी पकडल्यासारखी तिने पटकन मान खाली घातली. चोरी हिने कुठली केली असेल? की पानं हिनेच कापली होती?

४

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी चहा मागवला होता. चहा घेऊन आले शिपाईमामा. त्यांचा डावा गाल टम्म फुगला होता.

“काल दुपारपासून मामा दातांच्या डॉक्टरकडे होते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “त्यांना यात ओढू नका.”

मामांनी फुगलेल्या गालाने काहीतरी दुजोरा दिला. तो कुणालाच कळला नाही. मग ते निघून गेले.

मोठ्या बाईंच्या टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. शाईच्या दोन बाटल्या, फायलींची चळत, आणि पंख्याने पत्रं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेली लांब स्टीलची पट्टी. मागच्या भिंतीवर किल्ल्यांचा फळा. परीक्षकबाईंनी हे सगळं पाहिलं, आणि शाळा-ऑफिसात असतंच असं, म्हणून सोडूनही दिलं.

“मला वाटतं, बाई, आपण हे फार ताणू नये,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमी कापसात गुंडाळल्यासारखा मऊ असे. “सर तरुण आहेत. मुलीवर जीव आहे त्यांचा. भावनेच्या भरात केलं असेल. मी समज देते. बदली करून घेतील. तुम्ही सही करा, म्हणजे वर्ग तरी वाचेल.”

“वर्ग वाचायचा प्रश्न कुठे आहे? एकोणीस मुलांना सत्तावीसच्या वर गुण आहेत. असा वर्ग तीस वर्षांत पाहिला नाही, असं मी अहवालात लिहिलंय.”

“तेच म्हणते मी,” मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. “तेच.”

घड्याळात सव्वादोन झाले होते. सगळं सरांकडेच बोट दाखवत होतं. किल्ली त्यांची, सोय त्यांची, मुलंही त्यांच्यासाठी जीव टाकणारी. ‘सांगायचं नाही’ हे त्यांनीच ठरवलं असेल. परीक्षकबाईंनी यादी पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं. पण रिकाम्या हाताने सही करायची त्यांना सवय नव्हती. पुरावा म्हणून जोडायला एक वही हवी. कुठली? विसावी. तिची मालकीण आता वर्गात नाही, मागायला कुणी येणार नाही.

“मी जरा वर जाऊन नोंद करते,” त्या म्हणाल्या.

रिकाम्या वर्गात बसून त्यांनी अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं: ‘प्रत्येक वहीतील चाळीस पानांनंतरचे पान कापलेले आढळले.’ लिहिलेलं वाक्य पडताळून पाहायची त्यांची जुनी खोड. त्यांनी विसाव्या वहीची पानं मोजली. मोजून संपल्यावर अंगठा ओला करून पुन्हा मोजली.

कापलेल्या जागेच्या आधी चाळीस पानं नव्हती. एक्केचाळीस होती.

५

बाकी एकोणीस जणांची वही एकपासून सुरू होत होती. लिफ्टवालीची शून्यापासून. तिच्या वहीत ज्या पानावर ‘४१’ लिहिलं होतं, ते होतं बेचाळिसावं. ते कापून नेलं होतं. ज्या दिवसाचं पान कुणाला तरी नको होतं, ते हिच्या वहीत ‘४०’ आकड्याखाली सुखरूप बसलं होतं.

परीक्षकबाईंनी ते उघडलं. अक्षर टपोरं होतं.

‘काल मोठ्या बाईंनी आम्हाला वीस कोडी सोडवून दाखवली. आज परीक्षेत तीच आली. कुणाला सांगायचं नाही म्हणाल्या. मी उत्तरं लिहिली. ती उत्तरं माझी आहेत का मोठ्या बाईंची?’

मागे उत्तर नव्हतं. नुसती हिरवी खूण.

परीक्षकबाईंनी मनात दिवस जुळवून पाहिले. पेपरांचं बंद पाकीट परीक्षेच्या दोन दिवस आधीच शाळेत आलं होतं. सर रजेवर होते. आणि परीक्षेच्या दिवशी घरी जाताना या पोरांनी, जी खोटं बोलायला अजून शिकली नव्हती, वहीत मनातला प्रश्न लिहून टाकला. एकोणीस वह्यांतल्या त्या पानांवर दुसरं काय असणार?

आता पुढचा हिशेब सोपा होता. पानं कापणाऱ्याने मजकूर न बघता फक्त कोपऱ्यातला आकडा पाहिला, आणि ही वही शून्यापासून सुरू होते हे त्याला ठाऊक नव्हतं. सरांना ते पक्कं ठाऊक होतं, त्या शून्याला त्यांनी दोन दिवस घालून उत्तर लिहिलं होतं. तिसरीच्या बाई तर ते शून्य रोज लाल शाईने खोडत होत्या. आणि मुलीने स्वतः कापलं असतं तर आपलंच पान चुकलं नसतं. मामा काल दुपारपासून शाळेतच नव्हते. उरल्या हिरव्या शाईवाल्या मोठ्या बाई. त्यांच्या टेबलावरची पट्टीही आता परीक्षकबाईंना नीट आठवली.

रहस्य उलगडलं. खरं तर त्यांना बरं वाटायला हवं होतं.

पण एक प्रश्न खडा टोचावा तसा टोचत होता. या मुलीला तीसपैकी वीस कोड्यांची उत्तरं आधीपासून माहीत होती. तिने ती लिहिली, असं ती स्वतःच सांगते. मग तिला तीन गुण पडले कसे?

त्यांनी पिशवीतून पेपरांचा गठ्ठा काढला. उत्तर त्यांना कागद उघडण्याआधीच दिसलं होतं.

कोड्यांना आकडे छापायचे नाहीत, मुलांनीच क्रमाने आकडे घालून उत्तरं लिहायची, म्हणजे सूचना पाळता येते का तेही कळतं, ही परीक्षकबाईंचीच करामत होती. मोठ्या हौसेची. आकडे कुठून सुरू करायचे हे सूचनेत लिहिलंच नव्हतं, लिहावंसं कुणाला सुचेल? लिफ्टवालीच्या पेपरात पहिल्या ओळीचा नंबर ‘०’ होता. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर नमुन्याचं एक कोडं सोडवून दाखवलं होतं, त्याचंच उत्तर पोरीने उतरवलं असेल, असं समजून परीक्षकबाईंनी ती ओळ तेव्हा सोडून दिली होती. पुढची तिची ‘१’ म्हणजे खरं तर दुसरं कोडं. ‘२’ म्हणजे तिसरं. शेवटी ‘२९’, आणि तीस नंबरसमोर काही नाही. सगळी उत्तरं एका पायरीने सरकलेली. लागोपाठच्या कोड्यांचं उत्तर योगायोगाने एकच होतं, तिथे तेवढे तीन गुण पडले होते. म्हणून तर ती ओळखीची वाटली होती.

त्यांनी पेपर पुन्हा तपासला. एकेक ओळ वर सरकवून. तीसपैकी तीस.

तीस वर्षांत एकही तक्रार टिकली नाही, कारण आठ वर्षांची मुलं तक्रार करत नाहीत. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पान कापणाऱ्याने जी चूक केली, तीच त्यांनी केली होती. तीसुद्धा आधी.

अजून एक गोष्ट त्या पेपरात होती. ती पाहून त्या उठल्या आणि तडक खाली निघाल्या.

६

“एक्केचाळिसावं पान मिळालं,” परीक्षकबाईंनी दार लावून सांगितलं आणि वही टेबलावर ठेवली.

मोठ्या बाईंनी ते वाचलं नाही. नुसता कोपरा पाहिला, चाळीसचा आकडा पाहिला, मग पहिलं पान उघडून ते शून्य पाहिलं. चेहऱ्यावरचा सगळा कापूस उडून गेला.

“मला ते दुसऱ्यांदा वाचणं झेपलं नसतं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी वीसच्या वीस वाचली होती. वीस वेळा तोच प्रश्न. कुणी लिहिलं होतं, आम्ही चोर आहोत का? कुणी लिहिलं होतं, मोठ्या बाई आजारी आहेत का? मी खुणा केल्या आणि कपाट बंद केलं. परवा तुमचं पत्र आलं की वह्या बघणार आहात. काल शाळा सुटल्यावर बसले. पहिल्या वहीत ते पान कितवं ते शोधलं, मग बाकीच्यांत नुसता आकडा बघायचा, पट्टी ठेवायची, कापायचं. डोळे वर उचलायचेच नाहीत, असं ठरवलं होतं.”

“का केलंत?”

“सरासरी वीसच्या खाली गेली तर वर्ग बंद, असा निरोप होता वरून. दुसऱ्या दोन शाळांतले वर्ग बंद केले त्यांनी. ही मुलं साध्या वर्गात कशी कुढतात ते मी पाहिलंय. सर रजेवर, मुलं उधळलेली. मला धीर धरवला नाही. वीस मुलांसाठी केलं मी, बाई.”

“एकोणीस.”

मोठ्या बाईंनी वही मिटून बाजूला सरकवली. मग अगदी हळू म्हणाल्या, “तिचे तीन गुण आले, तेव्हा मला वाटलं, ती एकटीच खरी निघाली. वहीत ‘लिहिली’ म्हणाली, पण माझी उत्तरं नकोत म्हणून पेपरात मुद्दाम चुकीची लिहिली. मला तिच्यासमोर उभं राहवेना. म्हणून तिला खाली पाठवताना मी एका शब्दानेही अडवलं नाही. सुटले, असं वाटलं. सांगते आता, काय लपवायचं.”

“मुद्दाम चुकवलं नव्हतं तिने,” परीक्षकबाई म्हणाल्या. “तपासणाऱ्याने चुकवलं.”

त्यांनी पेपर पुढे सरकवला आणि सगळं सांगितलं. सांगताना आपला आवाज मोठ्या बाईंच्या आवाजासारखाच मऊ होतोय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो मुद्दाम मोठा केला.

“आणि हे सतरावं कोडं बघा. एकोणीस मुलांनी चौदा लिहिलंय. तेव्हा मी म्हटलं, सगळ्यांचा एकच गैरसमज झाला असेल. उत्तर पंधरा आहे. चौदा कुणी सांगितलं होतं?”

मोठ्या बाईंनी कोडं वाचलं. ओठ हलवत बोटांवर मोजलं. “मी,” त्या म्हणाल्या.

“लिफ्टवालीने पंधरा लिहिलंय.”

घड्याळात तीन वाजले. वर कुठेतरी घंटा झाली. परीक्षकबाईंनी यादी उभी फाडली, कोरा कागद घेतला, आणि दोन मुद्दे लिहिले. पहिला स्वतःचा, दुसरा मोठ्या बाईंचा. शेवटी लिहिलं की ही परीक्षा रद्द धरावी, सर्व वीस मुलांची नव्याने घ्यावी, आणि ती दुसऱ्या परीक्षकाने घ्यावी. मग सही केली.

“वर्ग बंद करतील,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“करतीलही.” परीक्षकबाईंनी पेनाला टोपण लावलं. “सरांची माफी मात्र आजच मागू या. दोघीही.”

सांगायचं मात्र आणखी एका माणसाला राहिलं होतं, आणि त्याची त्यांना मोठ्या बाईंपेक्षाही जास्त भीती वाटत होती.

७

तिसरीचा वर्ग मैदानावर गेला होता. ती एकटीच शेवटच्या बाकावर होती. परीक्षकबाईंच्या हातातली वही पाहिली आणि ती उभी राहिली.

“मी परत नाही करणार,” ती म्हणाली.

“काय नाही करणार?”

“उत्तरं माहीत असताना नाही लिहिणार. खरंच. बाबांना नका ना सांगू.”

परीक्षकबाईंना बसावंसं वाटलं, पण बाकावरच्या मोकळ्या जागेत मुलीचं दप्तर होतं. “तुला खाली का पाठवलं, असं वाटतं तुला?”

“कारण मी लिहिली ना उत्तरं. बाकीच्यांनी पण लिहिली, पण मी ‘माझी का मोठ्या बाईंची’ असं वहीत विचारलं. मग मला वाटलं, ती मोठ्या बाईंचीच होती. म्हणून शिक्षा झाली.” तिने जरा विचार केला. “बरोबर आहे ती.”

अडीच महिने हे पोर रोज या खिडकीशी बसून ती शिक्षा भोगत होतं. कुणी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. ज्यांनी गुन्हे केले ते रोज जेवत होते, झोपत होते, अहवाल लिहीत होते. परीक्षकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांना चष्माही पुरला नाही.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “तुझी सगळी उत्तरं बरोबर होती. तू शून्यापासून मोजलंस, मी एकपासून वाचलं. म्हणून सगळी चुकली. तुझी चूक नव्हती. माझी होती. मोठ्या बाईंचीही होती, पण तुझे गुण मी घालवले.”

मुलीने हे सावकाश तपासून पाहिलं. बोटं बाकावर एकेक करत सरकली, शून्यापासून.

“मग कोडं एक म्हणजे माझं शून्य.”

“हो.”

“तुम्ही विचारायचं ना मला.”

“हो गं. विचारायचं होतं.”

त्यांनी वही उघडली, चाळिसाच्या आकड्याखालचं पान उलटलं आणि हिरव्या खुणेखाली पेनाने लिहिलं: ‘वीसपैकी एकोणीस उत्तरं तुला सांगितलेली होती, सतरावं तुझं स्वतःचं. तुला चुकीचं सांगितलं होतं आणि तू ते ऐकलं नाहीस. न सांगितलेली दहाही तुझीच.’ खाली नाव घातलं. मुलीने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या ओठांवर बारीकसं हसू आलं, मग ते पुसलं गेलं.

“मोठ्या बाईंना सतरावं आलं नाही?”

“नाही आलं.”

“आणि तुम्हाला मोजता आलं नाही.”

“नाही.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर परीक्षकबाईंना सोपं गेलं असतं. होती ती फक्त काळजी, जशी खाली येणाऱ्या प्रत्येकाबद्दल तिला वाटत असावी.

“मग आता तुम्हाला पण खाली पाठवणार?” तिने विचारलं.

“पाठवायला हवं,” परीक्षकबाई म्हणाल्या.

“इथे तितकं वाईट नसतं,” लिफ्टवाली म्हणाली. “खिडकी आहे.”

आणि बाकावर बसून, दप्तर उचलून मांडीवर घेत ती थोडी आत सरकली.